वरच्या भागाचा अधिभार

३ फेब्रुवारी

भाऊजी,

आशीर्वाद वगैरे पत्राच्या शेवटी देते. आधी भांडण.

तुमच्या त्या वरच्या भागाचा विकास व्हावा म्हणून आमच्या दुकानावर गेल्या वर्षी अधिभार बसला. म्हटलं, असेल एखाद्या वर्षापुरता. यंदाची नोटीस आली ती दुपटीची. शाळेच्या वह्या आणि कॉलेजातल्या मुलांचे प्रबंध बांधून पोट भरणारं दुकान आमचं, बँक नव्हे. दुकानासमोरच्या गटाराचं झाकण तुटून पाच महिने झाले. नगरपालिकेत विचारायला गेले तर कारकून म्हणाला, "बाई, निधी सगळा वर जातोय." वर म्हणजे देवाघरी की तुमच्याकडे, ते त्यानं सांगितलं नाही.

तुमचे दादा नेहमीसारखे. कटिंग मशीनचं चाक फिरवता फिरवता म्हणाले, "भरून टाकू, कटकट नको." मला नाही तसं जमत. मी करदाते संघात गेले. अध्यक्ष कोपऱ्यावरचे कुलूपवाले. त्यांनी मला पहिल्याच बैठकीत चिटणीस केलं, कारण माझं अक्षर बरं आहे आणि इतिवृत्ताचं रजिस्टर आमच्या दुकानातून फुकट मिळेल. मार्चमध्ये जनसुनावणी आहे.

तुम्ही तिथं राहता, विकास मंडळाच्या नोकरीत आहात. फोन लावायचा तर रेंज नाही, म्हणून पत्रानं विचारते. आमचे पैसे जातात कुठं? खरं सांगा. नोकरीतल्या माणसासारखं गोलगोल लिहू नका.

आता आशीर्वाद. तब्येत सांभाळा.

तुमची वहिनी


१४ फेब्रुवारी

वहिनी,

तुमचं भांडण पोचलं. दोन वर्षांत मला कुणी पहिल्यांदाच हा प्रश्न विचारला, म्हणून जरा सैल सुटतो.

तुमचे पैसे कुठं जातात? रस्त्याच्या तोंडाशी एक कमान उभी आहे, तिच्यावर 'समृद्ध प्रदेशात स्वागत'. कमानीनंतर रस्ता संपतो. पुढं उद्योग भवन, समोरून सगळी काच. नळ आहेत, नळाला पाणी नाही. त्याच्या मागं शीतगृह. आतली यंत्रं जर्मन का जपानी, कुणाला ठाऊक, कारण विजेची जोडणीच नाही, ती चालू कुणी बघितलेली नाहीत. सध्या आत खुर्च्या ठेवतात. मोबाइलचा टॉवरही मंजूर आहे, त्याचा पाया खणून ठेवलाय. आमचे साहेब दर महिन्याला पाहुणे आणतात, कमानीखाली फोटो काढतात आणि जेवणाच्या वेळेआधी खाली उतरतात.

आणि या सगळ्यात मी. मंडळाच्या एका खोलीच्या शाळेत जळलेल्या मोटरी पुन्हा भरायला शिकवतो. दगडखाणी बंद पडल्यावर घरी बसलेली एकोणीस माणसं माझ्याकडे येतात. जुनी कॉइल कापायची, वेढे मोजायचे, नवी तार तेवढेच वेढे घालून खाचांत बसवायची, बांधायची, वार्निश पाजायचं. काम बारीक, पण जमलं की पोट भरतं. त्यासाठी लागते तांब्याची तार. दोन वर्षांत मी एकतीस मागणीपत्रं पाठवली. तार आली एकदा. बाकीचे दिवस आम्ही भंगारातल्या मोटरी उसवून तीच तार सरळ करून वापरतो. माणूस किती वेळ डोकं शांत ठेवणार?

पण वहिनी, हेही लिहायला हवं. त्या एकोणिसांतली अकरा जणं आज कमावती आहेत. एक बाई आहेत, वीस वर्षं दगडाच्या क्रशरवर होत्या, सगळे त्यांना क्रशरबाईच म्हणतात. पहिल्या दिवशी कॉइल हातात घेऊन म्हणाल्या, "एवढंच? मी तर काहीतरी अवघड असेल म्हणून घाबरले होते." आता पिठाच्या गिरणीवाले, पाण्याच्या पंपवाले थेट त्यांनाच शोधत येतात. त्यांचा मुलगा शहरात जायला निघाला होता, तो थांबला. हे सगळं तुमच्याच अधिभारातून झालं. फार थोड्या भागातून, पण झालं.

लिहून बरं वाटलं. वाचून झालं की दादांना द्या.

धाकटा


११ मार्च

भाऊजी,

जिंकलो!

काल सुनावणी झाली. सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. अधिकारी आधी तासभर पडद्यावर रंगीत आलेख दाखवत होते. मग माझी पाळी. मी फक्त तुमचं पत्र वाचलं. कमान, बिनपाण्याचे नळ, शीतगृहातल्या खुर्च्या. खुर्च्यांपाशी आले तेव्हा लोक असे हसले की अधिकाऱ्यांना पाण्याचे ग्लास मागवावे लागले. मग हसू थांबलं आणि आरडाओरडा सुरू झाला. तुमचं नाव मी घेतलं नाही हो, 'मंडळातल्याच एका शिक्षकाचं पत्र' एवढंच म्हणाले. आज पेपरात तसंच छापून आलंय.

चौकशी होणार आणि ती होईपर्यंत योजनेचा सगळा खर्च थांबवणार, असं तिथल्या तिथं जाहीर झालं. कुलूपवाल्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. इतकी वर्षं मी दुसऱ्यांची पुस्तकं शिवली, माझं बोलणं कुणी ऐकलं ते काल.

प्रत्येकाला तीनच मिनिटं दिली होती, म्हणून तुमच्या शाळेचा भाग वाचायचा राहून गेला. पुढच्या वेळी.

तुमचे दादा काही बोलले नाहीत. पेपर वाचून घडी करून ठेवला.

तुमची वहिनी


२ एप्रिल

वहिनी,

मंडळात शिक्षक एकच आहे.

नाव घेतलं नाही म्हणता. घ्यायची गरजच कुठं होती? दुसऱ्या दिवशी साहेबांनी पेपर माझ्यापुढं टाकला आणि विचारलं, "अक्षर तुमचं, की फक्त विचार तुमचे?"

आता तुम्ही काय थांबवलंत ते ऐका. कमान बांधून झाली होती, तिचे पैसे कधीच देऊन झालेत. उद्योग भवनाचे, शीतगृहाचेही. ठेकेदार केव्हाच घरी गेले. खर्च करायचं बाकी काय होतं? माझी शाळा. खोलीची वीज, वार्निश, माझा पगार. तेवढंच थांबलं. सोमवारी दोन शिपाई आले आणि टाळं लावून गेले. आत चार मोटरी अर्धवट भरलेल्या पडून आहेत, त्यांतली एक गावाच्या पाण्याच्या पंपाची. माणसं पायरीवर बसून माझ्याकडे बघतात.

मी घरी लिहिलं होतं, वहिनी. संघाला नाही.

धाकटा


९ एप्रिल

भाऊजी,

तुमचं पत्र चारदा वाचलं. रागावलात, ठीक. पण मी का तुमच्या शाळेला टाळं लावा म्हणाले? आम्ही चौकशी मागितली. चोर सोडून तुम्हालाच धरलं तर तो दोष आमचा कसा? माझंही डोकं फिरलंय. पैसा आमचा, आणि विचारलं की पाप!

तरी मी कुलूपवाल्यांकडे गेले. म्हटलं, "शाळा तेवढी वगळा, असं पत्र संघानं द्यावं."

ते किल्ली घासत होते. मान वर न करता म्हणाले, "आज शाळा, उद्या आणखी काही. एक फट ठेवली की सगळं आत येतं."

"तिथं माणसं कमावती झालीत हो."

"आणि इथं दुकानांत राबणारी माणसं नाहीत का? मी माझ्या दुकानातला माणूस काढला गेल्या महिन्यात. त्याच्यासाठी कोण पत्र देणार?"

याला उत्तर तुम्हाला सुचतं का? माणूस खोटं बोलत नव्हता, भाऊजी. म्हणून जास्त चिडले मी.

तुमचा पगार बंद झाला तर इकडे या. वरची खोली रिकामीच आहे.

तुमची वहिनी


५ मे

भाऊजी,

तीन पत्रं टाकली, उत्तर नाही. चौकशीवाले तिकडे जाऊन आले असं कानावर आलं. रुसलात तर रुसा, पण जेवता-खाता आहात एवढं एका ओळीत कळवा. तुमचे दादा रोज पोस्टमनला विचारतात. मला सांगत नाहीत, पोस्टमननं सांगितलं.

वहिनी


१६ मे

सरांच्या वहिनींना नमस्कार.

मी त्यांच्या शाळेतली. मला इथं क्रशरबाई म्हणतात. पत्ता सरांच्या पाकिटावरून घेतला, त्यांना विचारलं नाही. अक्षर वाकडं आहे, चालवून घ्या.

सर बरे आहेत, म्हणजे हिंडते-फिरते आहेत. बोलत नाहीत. एप्रिलच्या शेवटी चौकशीचे साहेब आले. त्यांनी एक कागद सरांपुढं धरला आणि म्हणाले, "ही सही तुमचीच ना?" सरांचा चेहरा पांढरा पडला. हो म्हणाले. त्या दिवसापासून ते शाळेच्या पायरीवरही येत नाहीत. आम्ही मात्र रोज येऊन बसतो. टाळ्याकडे बघत बसतो, दुसरं काय करणार. पाण्याचा पंप बंद आहे, बायका अर्धा कोस चालून पाणी आणतात. आणि तो पंप आम्हीच भरत होतो.

तुमच्यावर राग आहे असं नाही. पैसा कुणाचाही असो, कमानीवर घातला तर जीव जळणारच. आमचाही जळत होता.

एकच विचारायचं आहे. तुम्ही भर सभेत वाचलं, त्या पत्रात आम्ही होतो का?

उत्तर दिलं तर बरं. नाही दिलं तरी समजेन.


२४ मे

भाऊजी,

हे पत्र फाडू नका, वाचा.

तुमच्या क्रशरबाईंचं पत्र आलं. त्यांना उत्तर लिहायला तीनदा बसले आणि तीनदा उठले. आधी तुम्हाला सांगायला हवं.

मी खोटं बोलले. तीन मिनिटांत शाळेचा भाग आरामात बसला असता. सुनावणीच्या दिवशी सकाळी मी काउंटरवर तुमचं पत्र पसरलं, लाल पेन्सिल घेतली आणि 'आणि या सगळ्यात मी' इथपासून शेवटपर्यंत सगळं खोडलं. कारण तो भाग वाचला असता तर पत्राची धार गेली असती. दुसऱ्याच्या पुस्तकातलं एक पान इकडचं तिकडे झालं तर मी सगळी शिवण उसवून पुन्हा घालते. आणि तुमची पानं सरळ कापून टाकली. तुमच्या दादांनी ते पाहिलं होतं. म्हणून ते त्या दिवशी बोलले नाहीत. मला काल कळलं.

आता दुसरं. तक्रारदार म्हणून संघाला चौकशीची फाइल बघायला मिळाली. चिटणीस म्हणून बघायला मीच गेले. शीतगृहाचं काम समाधानकारक पूर्ण झाल्याचा दाखला, खाली तांत्रिक सदस्याची सही. तुमच्या सहीचं वळण मी लांबूनही ओळखते, लहानपणी प्रगतिपुस्तकावर दादांची सही मारायचात तेव्हापासून. भाऊजी, वीजच नाही असं मला लिहिणाऱ्यानं ते काम समाधानकारक आहे असं कसं लिहिलं?

कुलूपवाल्यांना अजून नातं माहीत नाही. ते खुशीत आहेत. "एक तरी हाताला लागला. बारा जूनच्या सुनावणीत याचंच नाव मोठ्यानं घ्यायचं," म्हणतात. आणि वाचायचं मी.

मी आजारी पडू शकते. चिटणीसपद सोडू शकते. तुम्ही सांगाल तसं.

वहिनी


१ जून

वहिनी,

सही माझीच.

गेल्या वर्षीची गोष्ट. साहेबांनी बोलावलं. शीतगृहाचा दाखला टेबलावर होता. म्हणाले, "तांत्रिक सदस्य हवा, तुमच्याखेरीज इथं आहे कोण?" मी म्हटलं, "जोडणी नाही साहेब, यंत्र चालवून बघितलेलं नाही." ते म्हणाले, "जोडणी येईलच हो. तुमचं तारेचं मागणीपत्र इथंच आहे. तुम्ही सही करा, मी करतो." दोन कागद शेजारी शेजारी होते. मी केली, त्यांनी केली. आठवड्यात चाळीस किलो तार आली. तुम्हाला लिहिलं होतं ना, तार एकदा आली, ती हीच. तिच्यावरच अकरा जणांचा हात बसला.

तुम्ही पत्राचा अर्धा भाग खोडलात. मी तर सहीचा भाग लिहिलाच नव्हता. तुमच्यावर दोन महिने धुमसत बसलो, त्यातला अर्धा राग याचाच होता.

आजारी पडू नका. पद सोडू नका. दुसरं कुणी वाचलं तर फक्त सही वाचेल. तुम्हीच वाचा, या वेळी सगळं. खोडलेलं, आणि हे पत्रही. नोकरी जाईल ती जाईलच. पण पायरीवर बसलेल्या माणसांचा उल्लेख त्या सभागृहात एकदा तरी होऊ दे.

माझं नाव घ्या. तुमचा दीर आहे हेही सांगा.

धाकटा


१३ जून

भाऊजी,

वाचलं.

आधी उभी राहिले आणि म्हणाले, "ज्या शिक्षकाची ही सही आहे तो माझा दीर." कुलूपवाल्यांनी मान झटकन वळवली. मग मी मार्चमध्ये काय खोडलं ते सांगितलं, आणि खोडलेलं वाचायला घेतलं. लाल रेघेखालचं वाचताना अडखळत होते. मागून कुणीतरी ओरडलं, "आता घरच्यांची वकिली!" कुणी म्हणालं, "बसवा त्यांना." मी वाचतच राहिले. तुमच्या सहीबद्दलच्या पत्रापर्यंत, त्या दोन शेजारच्या कागदांपर्यंत आले, आणि घंटा वाजली. तीन मिनिटं संपली.

अध्यक्षस्थानी बसलेल्या बाई म्हणाल्या, "नियम सर्वांना सारखा. पुढचे."

मी कागद हातात धरून तशीच उभी. रडू नाही आलं, चीड आली. तेवढ्यात शेवटच्या रांगेतून आवाज आला, "माझी तीन मिनिटं यांना द्या."

तुमचे दादा! कामाच्या वेळी मशीन सोडून पाण्यालाही न उठणारा माणूस. बाहीला सरस तसाच. बाईंनी विचारलं, "आपण कोण?"

"मी पण कर भरतो," ते म्हणाले. "दरवर्षी, मुदतीच्या आधी. आजवर काही बोललो नाही. माझा वेळ शिल्लक आहे."

सभागृहात कुणी हसलं नाही. बाईंनी मला खूण केली आणि मी शेवटपर्यंत वाचलं. क्रशरबाईंचं पत्रही वाचलं, त्यांचा प्रश्न धरून.

मग कुलूपवाले उठले. मला वाटलं, आता मला फाडून खातात. ते म्हणाले, "अधिभाराला संघाचा विरोध कायम आहे. एक पैसाही वाढ चालणार नाही." पुढं म्हणाले, "पण ज्यानं तार अडवून सही घेतली त्याचं नाव फाइलीत कुठं नाही, ते का, हे कळलं पाहिजे." आणि बसले. माझ्याकडे बघितलं नाही. बाहेर पडताना एवढंच म्हणाले, "बाई, उद्यापासून रजिस्टर दुसऱ्याकडे द्या."

दिलं.

निर्णय राखून ठेवलाय. क्रशरबाईंना आजच उत्तर टाकलं. लिहिलं, तुम्ही पत्रात होतात, मी तुम्हाला बाहेर काढलं होतं.

वहिनी


२० ऑगस्ट

वहिनी,

एका बैठकीत सगळं कळवतो, तुकड्यातुकड्यानं लिहिलं तर पुन्हा चिडचिड होईल.

मला काढलं. पत्र दोन ओळींचं आहे. साहेबांची बदली झाली, दुसऱ्या प्रदेशात, याहून मोठ्या कार्यालयात. ठेकेदाराला शीतगृहाच्या जोडणीसाठी मुदतवाढ मिळाली. तुमचा अधिभार अर्ध्या टक्क्यानं कमी झाला असं पेपरात वाचलं. गटाराचं झाकण बसलं का ते तुम्हीच सांगा. एवढ्या सगळ्यातून एवढंच निघालं, हे मनात आलं की अजून भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतं.

शाळा मंडळानं उघडली नाही. 'बाब वेगळी काढून विचाराधीन' असा शेरा आला. क्रशरबाई तो शेरा घेऊन खाली मंडळाच्या कार्यालयात गेल्या आणि बाकावर बसल्या. रोज सकाळच्या गाडीनं जायच्या, संध्याकाळच्या गाडीनं परत. नवीन साहेबांनी सहाव्या दिवशी विचारलं, "तुम्हाला हवंय तरी काय?" त्या म्हणाल्या, "निधी नको. शिक्षक नको. टाळं काढा आणि खोली भाड्यानं द्या. भाडं आम्ही भरतो." साहेबांना यावर नियम सापडेना. अकराव्या दिवशी टाळं निघालं.

आता अकरा जणांचं मिळून वर्कशॉप आहे. पाण्याचा पंप पहिल्याच आठवड्यात चालू झाला. मला त्यांनी कामावर ठेवलंय, मोटरीमागं मजुरी. परवा मी घाईत एका कॉइलचे वेढे चुकलो. क्रशरबाईंनी ती सगळी उसवायला लावली. म्हणाल्या, "सर, समाधानकारक झाल्याशिवाय मी सही करत नसते." सगळे हसले. मीही हसलो, पण जरा वेळानं.

वरच्या खोलीबद्दल दादांना सांगा की नको. मी इथंच बरा आहे. त्यांनी सभागृहात दिलेल्या तीन मिनिटांबद्दल मला त्यांना काहीतरी लिहायचं होतं. चार कागद फाडले. तुम्हीच सांगा त्यांना, तुम्हाला जमेल.

तुमच्यावरचा राग पुरता गेलेला नाही. खोटं कशाला लिहू? काम करताना मध्येच आठवतं आणि तार तुटते. पण तुमची पत्रं आली नाहीत तर त्याहून वाईट वाटतं, हेही खरं. थोडे दिवस दुकान बंद ठेवा आणि दोघं या. क्रशरबाई तुम्हाला बघायचं म्हणतात. त्यांना तुम्हाला खूप काही विचारायचंय आणि त्या सोडणाऱ्यातल्या नाहीत, तयारीनं या.

मात्र येताना कुणाच्या वतीनं येऊ नका.

धाकटा